दुखत नाही म्हणून येत नाही

पारनेर तालुक्याचा मुंबईशी संबंध जुना. नोकरीसाठी गेलेला माणूस निवृत्त होऊन गावी परततो, तेव्हा कधी कधी खुब्यात बसवलेला कृत्रिम सांधाही सोबत असतो. सुप्याची एमआयडीसी वाढली तशी दुसऱ्या एका रुग्णाची भर पडली: तिशी-पस्तिशीचा कामगार, दारूमुळे किंवा स्टेरॉइडमुळे एव्हीएन होऊन हेड खचलेलं, ऑपरेशन पुण्यात किंवा नगरला. सर्जन एकीकडे, रुग्ण दुसरीकडे. दहा वर्षांनी एक्स-रे निघतो तोही मोटरसायकलवरून पडला म्हणून, आणि तो आधी पाहतो सुप्यातला डॉक्टर.

सांधा सैल का होतो, हे आपल्याला ठाऊक नाही असं नाही. चार्नलींचे टेफ्लॉनचे कप दोन-तीन वर्षांतच झिजले, म्हणून 1962 मध्ये ते पॉलिथिलीनकडे वळले. आज झीज हीच मुख्य संशयित. झिजलेले कण मॅक्रोफेज गिळतात, त्यातून ऑस्टिओक्लास्ट चेतावतात आणि इम्प्लांटभोवतीचं हाड पोखरलं जातं. झीज वर्षाला 0.1 मिलिमीटरच्या आत असेल तर ऑस्टिओलिसिस क्वचितच दिसतो. क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन आल्यापासून आपण जरा निर्धास्त झालो आहोत. जुने लायनर घेऊन फिरणारे रुग्ण मात्र अजून हयात आहेत.

जोखमीचे घटक सांगायला बसलो की आपण रुग्णापासून सुरुवात करतो. वय कमी, पुरुष, वजन जास्त, काम अंगमेहनतीचं, हाड ठिसूळ. हे सगळं खरं आहे, पण आपल्या सोयीचंही आहे. सांधा सैल झाला की ‘मांडी घालून बसला असाल’ म्हणून मोकळं होता येतं. वस्तुतः मांडीचा मोठा धोका सांधा निखळण्याचा. नेक कपच्या काठाला घासून लायनर खराब होऊ शकतो, हेही खरं, पण प्रत्येक सैल कपचं खापर मांडीवर फोडता येत नाही. पन्नास अंशांहून उभा बसलेला कप, व्हॅरसमध्ये गेलेला स्टेम, कुठे जाड तर कुठे नाहीसं झालेलं सिमेंट, हे सारं त्या दिवशी टेबलावर ठरलेलं असतं. आणि ‘असेप्टिक’ असं लिहिलेल्या काही केसेस प्रत्यक्षात मंद संसर्गाच्या असतात. रिव्हिजनआधी ईएसआर, सीआरपी आणि शंका असल्यास अ‍ॅस्पिरेशन व्हायलाच हवं; त्याआधी अँटिबायोटिक सुरू करणं म्हणजे पुरावा पुसणं.

लूजनिंग बराच काळ गप्प असतं. खुर्चीतून उठल्यावर पहिल्या चार पावलांत मांडी दुखते आणि मग थांबते, ही तक्रार रुग्ण सांगतो तेव्हा पुष्कळ हाड गेलेलं असू शकतं. ऑस्टिन मूर बसवलेल्या आजीबाईंची हीच तक्रार ‘वयाची’ म्हणून परत पाठवली जाते. खरी तपासणी साधी आहे: सहा आठवड्यांची फिल्म आणि आजची फिल्म शेजारी लावा. हेड कपच्या मध्यावर आहे की वर सरकलंय? स्टेम खचलाय का? काळी रेघ दोन मिलिमीटरांपलीकडे गेली का, पूर्ण फेरा घेते का? अडचण एवढीच की सहा आठवड्यांची फिल्म नसते. असतो तो कुणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवरचा तिरपा फोटो, त्यात स्टेमचं टोक कापलेलं.

नोंद नसण्याची किंमत एएसआर प्रकरणात देशाने पाहिली. धातूवर धातू घासणारा हा हिप ऑगस्ट 2010 मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे 4,700 शस्त्रक्रियांमध्ये वापरला गेला होता. केंद्राच्या समितीने 2018 मध्ये अहवाल दिला तेव्हा हाती लागलेले रुग्ण हजाराच्या आसपास होते. बाकीच्यांच्या रक्तात कोबाल्ट-क्रोमियम किती, हे तपासायचं कुणाचं? ऑस्ट्रेलियात हाच हिप 2009च्या अखेरीसच बाजारातून निघाला होता, कारण तिथल्या रजिस्ट्रीत त्याची रिव्हिजन वाढलेली दिसत होती. स्वीडनने तर 1979 पासून नोंदी ठेवल्या. आपली रजिस्ट्री आहे, पण ऐच्छिक, आणि ती भरायला ओपीडी संपल्यावर कुणाला वेळ नसतो.

कंपनी, साइझ, लॉट नंबर असलेले स्टिकर प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात असतात. ते आपण केस पेपरवर चिकटवतो, आणि केस पेपर पावसाळ्यात गोदामात जातो. एक स्टिकर डिस्चार्ज कार्डवर लावा आणि कार्डाचा फोटो रुग्णाच्याच मोबाइलमध्ये ठेवा. पहिली फिल्म पूर्ण पेल्व्हिसची काढून रुग्णाच्या हाती द्या. पहिल्या वर्षानंतरही, दुखत नसलं तरी, ठरावीक वर्षांनी एक्स-रे काढायचा हे घरच्यांसमोर सांगा आणि तारीख लिहून द्या. तो एक्स-रे सुप्यात निघाला तरी चालेल. तिथल्या डॉक्टरने फोन केला तर उचला. इम्प्लांटमध्ये काही वावगं आढळलं तर गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगाकडे कळवा. मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम जुलै 2015 पासून याचसाठी सुरू आहे. या महिन्यात तुमच्या टेबलावर होणाऱ्या पहिल्या हिपपासून सुरुवात करा.