ग्रे मार्केटचा फिल्म स्कॅनर: खरंच स्वस्त?

जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून द्यायचा धंदा सातिवलीतल्या छोट्या गाळ्यातूनही होतो. पण स्कॅनर ग्रे मार्केटमधून, बिलाशिवाय घ्यायचा का? माझं मत: नाही.

हिशोब करा. समजा बिलाचा ४०,००० ला, ग्रेचा ३०,००० ला. बिलात १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ६,१०० रुपये. रेग्युलर रजिस्ट्रेशन असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं. खरा फरक उरला ३,९००. रोज ३६ फोटोंचे दोन रोल, फोटोमागे १० रुपये धरले तर ७२० रुपये. मशीन सहा दिवस बंद पडलं की फरक संपला. वर ग्रे मालाला इथे कंपनीची वॉरंटी सहसा मिळत नाही.

निकॉन कूलस्कॅनसारखं बंद झालेलं मॉडेल सेकंड हँडच घ्यावं लागतं. तेव्हा आधी रिपेअरवाला शोधा, मग मशीन.