कुंडीने उष्णता वाढत नाही



वीज गेल्यावर चार मेणबत्त्या लावून त्यांवर मातीची कुंडी उपडी ठेवली की खोली उबदार होते, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांनी सुचवले आहे. ज्योत उष्णता देते हे खरे, पण किती? साध्या मेणबत्तीतून सुमारे ८० वॅट मिळतात, तर छोट्या टी-लाइटमधून त्याच्या निम्मेच. विजेचा हीटर १५०० वॅटचा असतो. त्याची बरोबरी करायला वीसएक मेणबत्त्या एकदम जाळाव्या लागतील. कुंडी उष्णता निर्माण करत नाही. साठवते आणि सावकाश सोडते. तिला हात लावला की चटका बसतो, म्हणून खोलीही तापली असे वाटते, एवढेच. शिवाय दाटीने ठेवलेल्या टी-लाइट एकमेकींना तापवतात आणि वितळलेले मेणच पेट घेऊ शकते. त्यावर पाणी टाकल्यास भडका उडतो.

फेब्रुवारी २०२१च्या हिमवादळात इथे टेक्सासमध्ये ४० लाखांहून अधिक घरांची वीज गेली. उबेसाठी काहींनी घरात कोळशाच्या शेगड्या पेटवल्या, काहींनी गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या. कार्बन मोनॉक्साइडने त्यातल्या काहींचा जीव घेतला.

त्यापेक्षा घरातल्या सर्वांनी एकाच लहान खोलीत राहावे, दाराखालची फट टॉवेलने बुजवावी, कपड्यांचे थर चढवावेत. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता देतो, म्हणजे मेणबत्तीपेक्षा जास्तच! उजेडासाठी बॅटरीचा दिवा पुरेसा आहे. पेटती मेणबत्ती ठेवून झोपण्याचा सल्ला तरी कृपया कोणी देऊ नये.

— एक वाचक, ऑस्टिन (टेक्सास)