उद्दिष्टे कागदावर, कसोटी गावात

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चिकित्सक विचार व मूल्यशिक्षण ही पदवी शिक्षणाची उद्दिष्टे ठरविली. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इतिहासही वाचावा, हा हेतू स्तुत्यच आहे. परंतु उद्दिष्टे छापली म्हणजे साधली, हे आम्हांस मान्य नाही. त्यांची कसोटी गावात लागते.

वढू बुद्रुकचेच उदाहरण घ्या. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांच्या हत्येनंतर येथे अंत्यसंस्कार कोणी केले, गोविंद गोपाळ यांनी की शिवले घराण्याने, याविषयी भिन्न परंपरा सांगितल्या जातात. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस त्यासंबंधीच्या फलकावरून येथे तंटा झाला. १ जानेवारी २०१८ रोजी शेजारच्या कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार उसळला. एका तरुणाचा प्राण गेला.

समकालीन पुरावा कोणता, लोकपरंपरा कोणती आणि आपला अभिमान कोणता, हे निवडता येणे हेच सर्वसाधारण शिक्षणाचे पहिले उद्दिष्ट होय. दोन श्रेयांकांच्या तयार टिपणांतून ते कसे साधणार? प्राध्यापकांनी दोन्ही बाजूंची साधने वर्गात मांडावीत. विद्यार्थ्याकडून प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे लिहवून घ्यावी. मगच गुण द्यावेत. एवढेही न शिकता बाहेर पडणाऱ्या पदवीधराला कोणीही, केव्हाही भडकवू शकेल.