पैसे देऊन सायकल

भंडाऱ्यात सायकल चालवण्यासाठी कुणी पैसे मोजतो, हे लोकांच्या आधी गळीच उतरत नाही. इथे सायकल कामाला जुंपलेली असते. पहाटे दोन्ही बाजूंना कॅन लटकवून दूधवाला निघतो. तलावावरून ढिवर बांधव मागे टोपली बांधून मासळी आणतात. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर पोरी चार-पाच किलोमीटरवरच्या शाळेत जातात. अशा गावात ‘कोकणात सायकलने फिरायला जातो आहे, सोबत गाइड आहे, सामान गाडीत राहणार, फी भरली आहे’ असं सांगितलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या आजोबांनी चष्मा सारखा केला. म्हणाले, ‘‘पैसे देऊन सायकल चालवाले चालले का जी? मंग माझीच घेऊन जा ना. वरून चाय बी पाजतो.’’

आजोबांना त्या वेळी धड उत्तर देता आलं नाही. आता देता येईल, म्हणून हा लेख.

समुद्र आणि डोंगर जोडून काही दिवसांची सायकल सहल, हा धंदा जगभर जमला आहे. केरळात कोचीच्या खाडीपासून मुन्नारच्या चहामळ्यांपर्यंत, श्रीलंकेत गॉलच्या किनाऱ्यापासून नुवारा एलियाच्या थंडीपर्यंत परदेशी पाहुणे पाय मारत जातात. आपल्याकडे त्यासाठी कोकण आहे. आमची वाट दापोलीहून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ला, तिथून सावंतवाडीवरून आंबोली घाट चढून आजऱ्यामार्गे कोल्हापूर अशी होती. गिअरच्या सायकली आयोजकांच्याच, त्यामुळे इथून नेण्याची यातायात नव्हती. परतीला तर कोल्हापूरला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडून भंडारा रोडला उतरायचं.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, हा सगळ्याच विदर्भवाल्यांचा समज असतो. भंडाऱ्याच्या सायकलवाल्याला चढ माहीत असतो तो पुलाचा. कोकणात सह्याद्री आणि समुद्र यांच्यात पन्नास-साठ किलोमीटरचंच अंतर. नद्या आखूड आणि तापट. त्यांनी जांभ्याचं पठार ठिकठिकाणी चिरून टाकलं आहे आणि त्या चिरांमधून समुद्र आत शिरून खाड्या झाल्या आहेत. वर सडा, खाली खाडी. रस्ता सड्यावरून थेट खाडीच्या पाण्याला टेकतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर जातो. असं दिवसभर. संध्याकाळी हिशेब केला तर एखादा छोटा घाट चढून झालेला असतो आणि आपण मात्र सकाळी जितके समुद्रसपाटीला होतो तितकेच असतो. आमची वैनगंगा एवढा उतावीळपणा करत नाही. ती सिवनीच्या मुलखातून येते, ऐसपैस वळणं घेते, आणि तिच्या काठच्या माणसाच्या पिंढऱ्यांनाही तीच सवय लावते.

दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन्ही खाड्या आम्ही फेरीबोटीने ओलांडल्या. बोटीत ट्रक, मोटारी, कोंबड्यांचे खुराडे आणि आमच्या सायकली एकाच रांगेत. बोटीवरची माणसं चौकशी करत, आणि आमचा म्होरक्या त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलत असे. तो देवरुखकडचा तिशीचा तरुण. फी कशाची दिली, ते मला या पोराकडे बघून उमगत गेलं.

रस्ता तर मोबाइलही दाखवतो. पुढे किती किलोमीटर, चढ किती, हॉटेल कुठे, हे सगळं त्यात आहे. म्होरक्याला त्यापलीकडचं ठाऊक होतं. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे जाताना आरे-वारेच्या वळणावर झाडून सगळ्या मोटारी थांबतात. खाली समुद्र पसरलेला दिसतो. तिथे त्याने आम्हाला फोटोपुरतं थांबवलं. बराच वेळ थांबवलं ते पुढे, चिऱ्याच्या खाणीवर. जांभा जमिनीतून काढताना मऊ असतो, यंत्राने लोण्यासारखा कापला जातो, आणि हवा लागली की हळूहळू टणक होत जातो, हे तिथे उभं राहून बघितलं. रात्री ज्या घरात जेवलो त्याच्या भिंतीकडे मग नजर वेगळी गेली. देवगडच्या सड्यावर त्याने दाखवलं की कातळात सुरुंगाने खड्डा करायचा, त्यात बाहेरून आणलेली माती भरायची आणि मग हापूसचं कलम लावायचं. आमच्याकडे आंबा धुऱ्यावर आपोआप उगवतो. इथे एकेका झाडामागे दगड फोडलेला आहे. पेटीच्या दरावर कुरकुर करण्याआधी हे पाहून यायला हवं.

त्याची दुसरी विद्या म्हणजे गप्प बसणं. चढावर तो कुणाला ‘कम ऑन, कम ऑन’ म्हणत नसे. गटात सर्वांत पुढे तो, सर्वांत मागे त्याचा जोडीदार. मधल्यांनी आपापल्या दमाने यायचं. सामानाची गाडी नेमकी दमछाक होते त्या वळणाच्या पुढे उभी असायची, केळी, चिक्की आणि मीठ-साखरेचं पाणी घेऊन. थोडी अलीकडे उभी केली असती तर निम्मे लोक त्या वळणाआधीच उतरले असते, असं तो हसत म्हणाला. माणसं कुठे हरतात हे ज्याला ठाऊक, तोच गाडी कुठे लावायची हे ठरवू शकतो.

आंबोलीच्या घाटात याची कसोटी लागली. दाणोलीपासून रस्ता झाडीत शिरतो आणि चढतच राहतो. माथा सुमारे 690 मीटरवर. पावसाळ्यात इथे सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. आमच्याकडे तेराशेच्या आसपास पडला की वर्ष चांगलं गेलं म्हणतात. हिवाळ्यात मात्र कोरडा, सावलीचा, सुरेख रस्ता. सगळ्यात लहान गिअर टाकून, ताशी सहा-सात किलोमीटरने, आपलाच श्वास ऐकत चढायचं. वर पोहोचल्यावर म्होरक्याने हिरण्यकेशीच्या उगमाशी नेलं आणि सांगितलं, की आपण आत्ता चढून आलो त्या उतारावरचं पाणी अरबी समुद्राला जातं. हे मात्र घटप्रभेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाणार. वैनगंगेचं पाणीही प्राणहिता-गोदावरीतून तिकडेच जातं. म्हणजे पाण्याच्या हिशेबाने माझा मुलूख इथूनच सुरू होत होता. शाळेत जलविभाजक शिकलो होतो, पण तो पायांनी समजण्याची गोष्ट आहे हे त्या दिवशी कळलं.

गाइडशिवायही माणसं फिरतातच. 1923 साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे 1928 मध्ये फेरी पुरी करून परतले. त्यांच्यामागे गाडी नव्हती आणि केळीही नव्हती. पण त्या पोरांनी पाच वर्षं घातली, म्हणून वाट विचारायला, चुकायला, माणसं ओळखीची करून घ्यायला त्यांना सवड मिळाली. रजा मोजून निघालेल्या नोकरदाराजवळ ती सवड नसते. ती तो विकत घेतो. कुणीतरी त्या मुलखात जी वर्षं काढलेली असतात, त्यांचा थोडा वाटा आपल्याला त्या चार दिवसांत मिळतो. फी त्याची असते. सायकल, हेल्मेट, गाडी हा वरखर्च.

देवगडजवळ एका आजींकडे पाणी प्यायला थांबलो होतो. ‘‘तुमी खंयसून इलात?’’ त्यांनी विचारलं. भंडारा सांगितलं. ‘‘थंय समुद्र आसा?’’ म्हटलं, समुद्र नाही, पण तलाव आहेत, पुष्कळ आहेत. ‘‘मगे आमचो समुद्र बघूक इलात, आमका तुमचे तलाव कोण दाखवतलो?’’

हा प्रश्न तिथून सोबत आला.

आमच्याकडे अशी सहल करायची म्हटली तर वाट तयारच आहे. भंडाऱ्याहून दक्षिणेला पवनी. वाटेत धानाच्या बांध्या, धुऱ्यावर तूर, आणि पौष-माघात धान कापून झालेल्या ओलसर बांध्यांत लाखोळीचा हिरवा गालिचा. पवनीला जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप उघडकीला आला. जवळच गोसेखुर्द धरण, 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेलं. पुढे पूर्वेला साकोली, शिवनीबांध, आणि नागझिऱ्याच्या कडेने वळण घेत उत्तरेला. मग मोहाडी-आंधळगावचे कोशाचे माग, तुमसरची धानाची बाजारपेठ, आणि शेवटी सातपुड्याच्या पायथ्याशी चांदपूर, गायमुख आणि गोंड राजा बख्त बुलंदाच्या काळातला आंबागड. समुद्र नाही, पण सपाटीवरून डोंगरापर्यंत जाण्याचं सुख त्यात पुरेपूर आहे. आणि आंबागड काही आंबोलीइतका अंगावर येत नाही.

ही ठिकाणं पर्यटनाच्या फलकांवर आहेतच. फलकावर जे नाही, ते सांगणारा माणूस हवा. आमचे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने जमिनीचा उतार वाचून, मातीची पाळ घालून ते बांधले. माल गेला, मालगुजार गेले, 1951 च्या सुमारास तलाव सरकारजमा झाले, तरी ‘माजी मालगुजारी’ म्हणजे ‘मामा तलाव’ या नावात मालगुजार राहिलेच. एका तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या बोडीत, बोडीतून बांधीत कसं जातं, हे पाळीवर उभं राहून कोहळी शेतकऱ्यानेच दाखवावं. त्यात कोणती मासळी उरली, कोणती गेली आणि शिंगाड्याची वेल कुठल्या तलावात तगते, हे ढिवराने सांगावं. डोंगरी बुजुर्गच्या खुल्या खाणीतलं मँगनीज टॉर्चच्या सेलमध्ये जातं, हे खाणीत काम केलेल्याने सांगावं. आणि गोसेखुर्दच्या पसरलेल्या पाण्याकडे बोट दाखवून ‘आमचं गाव तिथे होतं’ असं म्हणणाराही या सहलीत हवा. पाणी सुंदर दिसतं हे पाहुण्याला कळतंच. ते कुणाच्या अंगणावर उभं आहे, हेही त्याने ऐकून जावं.

हे जमण्यासारखं आहे, कारण त्याची सुरुवात झालेली आहे. नागझिऱ्यात शिरताना पिटेझरीच्या फाटकावर जिप्सीत गावचाच गाइड बसतो. यातल्या कित्येकांना पक्षी आवाजावरून ओळखता येतो. जंगलाच्या गाभ्यात सायकल नेता येत नाही, नेऊही नये. कडेच्या रस्त्यांवरही पहाटे आणि तिन्हीसांजेला वाघ-बिबट्यांची आणि रानडुकरांची वेळ सांभाळावी लागते. ती वेळ त्याच पोरांना ठाऊक आहे. त्यांना पंक्चर काढणं, प्रथमोपचार आणि गट चालवणं शिकवलं, तर फाटकाबाहेरच्या वाटाही त्यांच्या रोजगाराच्या होतील. हंगाम दिवाळीनंतरचा, मंडईच्या दिवसांपासून फेब्रुवारीपर्यंत. त्यानंतर आमचं ऊन पाहुण्याला परवडणारं नाही. नेमक्या याच महिन्यांत, धान हाती येऊन गेल्यावर, गावात काम उरत नाही, आणि पोरं नागपूर-पुण्याची गाडी धरतात. तिथे ती मोबाइल दाखवेल त्या रस्त्याने दुसऱ्यांचं जेवण पोहोचवत फिरतात. स्वतःच्या गावात ज्यांना मोबाइल बघावा लागत नाही, अशी ही पोरं.

धोका एकच. नागपूर-मुंबईची एखादी कंपनी सायकली, गाडी, तंबू आणि स्वतःचा गाइड घेऊन येईल, आणि गावाच्या वाट्याला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या येतील. कोकणातली सहल आवडली त्याचं एक कारण हे, की राहणं गावातल्या घरांत होतं, जेवण घरच्या बायांच्या हातचं होतं आणि म्होरक्या त्याच पट्ट्यातला होता. पैसा वाटेवरच खर्च होत होता. आपल्याकडे सुरुवातीपासून हीच अट असावी: गाइड तालुक्यातला, मुक्काम गावात, ताटात आमचाच तांदूळ आणि तलावाची मासळी.

तेव्हा आजोबा, पैसे द्यावे लागतात ते यासाठी. आणि आता मीच तुम्हाला विचारतो. शिवनीबांधच्या पाळीचा तुमच्याएवढा जाणता माणूस आमच्या ओळखीत दुसरा नाही. पुढच्या हिवाळ्यात पाहुणे आले, तर सायकल चालवू नका, नुसते पाळीवर बसा आणि बोला. दिवसाचे किती घ्याल, तेवढं सांगा, चहा आमच्याकडून.