मुलींना रग्बी झेपते!



मुलींच्या रग्बीवर टीका करणारे पत्र वाचले. हा खेळ धसमुसळा आहे आणि आपल्या मुलींचा नाही, हे त्यातील दोन्ही आक्षेप टिकणारे नाहीत.

रग्बीतली पकड धसमुसळी म्हणावी, तर आमच्या रायगडात कबड्डीची पकड कोणाला नवी आहे? २०१२ मध्ये पाटण्यात भारतीय महिलांनी इराणला हरवून कबड्डीचा विश्वचषक जिंकला. त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या. तेव्हा ‘झेपेल का’ असे कोणी विचारले नाही.

रग्बीतही पुण्याच्या नेहा परदेशी आणि वाहबिझ भरुचा यांनी भारताचे नेतृत्व केले आहे. पंधरा जणींच्या भारतीय संघाने २०१८ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि पुढच्याच वर्षी मनिला येथे सिंगापूरला २१-१९ असे नमवले. त्या यशात ओडिशाच्या आदिवासी मुलींचा वाटा मोठा होता.

राहिला दुखापतीचा प्रश्न. रग्बीत खांद्याच्या वर पकड केल्यास दंड होतो. खरा धोका असतो तो प्रशिक्षकाविना आणि खडकाळ मैदानावर खेळण्यात. म्हणून पनवेलच्या शाळांनी मुलींना अडवू नये. त्यांना बरे मैदान आणि जाणकार प्रशिक्षक द्यावा.

– एक वाचक, पनवेल