शिलाईतली माया

वाचकहो, दिवाळी आली की साड्यांवर पानेच्या पाने लिहिली जातात. पुरुषाच्या वाट्याला एकच प्रश्न येतो, ‘पुन्हा हाच सदरा?’ तेव्हा आज चार शब्द पुरुषांच्या पोशाखाविषयी.

गेल्या महिन्यात आमच्या धाकटीचा साखरपुडा ठरला. मी नवा सूट शिवायला निघालो, तर सौभाग्यवतींनी ट्रंकेतून अण्णांचा काळा कोट काढला. डांबरगोळ्यांचा वास, कोपरे थोडे चकाकलेले. पण लोकरीचे कापड ठणठणीत! गल्लीतल्या वृद्ध शिंप्यांनी तो मला घालायला लावून आधी खांदे चाचपले. म्हणाले, “कंबर सैल करता येते, बाही सोडता येते. खांदा मात्र बसला तर बसला. तो बदलणे म्हणजे कोट नव्याने शिवणे.” माझा खांदा बसला. मग त्यांनी अस्तर उसवले. आत बोटभर कापड दुमडलेले. “जुने कारागीर माया ठेवून शिवत,” ते म्हणाले. त्या मायेतच माझ्या पोटाची सोय झाली!

कोट अंगाला आला तरी काही पथ्ये आहेत. बाहीखाली सदऱ्याची कफ अर्धा इंच दिसावी. सर्वांत खालचे बटण उघडेच ठेवावे. बसताना बाकीचीही सोडावीत. पट्टा आणि बूट एका रंगाचे असावेत. आणि आठवणीची वस्तू एका वेळी एकच! वडिलांचे घड्याळ, काकांची टायपिन, आजोबांची काठी असे सगळे एकदम चढवले, तर माणसाचे वस्तुसंग्रहालय होते.

मी घड्याळ निवडले. एच.एम.टी.ने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. अण्णांचे घड्याळ त्यांचेच, किल्लीचे, ‘जनता’. पूजा आटोपली की अण्णा त्याला किल्ली देत. १९८८ साली माझ्या लग्नाच्या सकाळी त्यांनी ते मनगटावरून सोडून माझ्यापुढे धरले. मी म्हणालो, “अण्णा, आता सेलची घड्याळे आलीत!” ते काही बोलले नाहीत. पुन्हा स्वतःच्या मनगटावर बांधले आणि पाहुण्यांकडे वळले.

ते गेल्यावर घड्याळ सापडले, धुतलेल्या रुमालात गुंडाळलेले. २०१६ साली सरकारने एच.एम.टी.चा घड्याळांचा उद्योग बंद करायचे ठरवले, तेव्हाही ते ड्रॉवरमध्ये मुकेच पडले होते. यंदा घड्याळजींनी आतले वाळलेले तेल पुसून नवे घातले, आणि ते टिकटिकू लागले. आता रोज सकाळी किल्ली द्यावी लागते. विसरलो, तर दुसऱ्या दिवशी ते रुसते.

साखरपुड्याला सगळे म्हणाले, “कोट झकास!” घड्याळाकडे कुणाचे लक्ष गेले नाही. माझे मात्र सारखे जात होते. त्या सकाळी ‘बांधा, अण्णा’ एवढेच म्हणायचे होते.

वाचकहो, तुमच्यापुढे कुणी असे घड्याळ धरले, तर आधी हात पुढे करा. ते वेळ बरोबर दाखवते की नाही, हे मागाहून पाहता येते.