चौकात उभे राहून विचारायचे तीन प्रश्न

वाचकहो, परदेशी जाऊन आलेला माणूस परतला की बहुधा दोनच गोष्टी सांगतो. तिथले रस्ते किती स्वच्छ आणि तिथल्या इमारती किती उंच! आम्हीही तेवढेच सांगून मोकळे झालो असतो. पण मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात मुलाकडे पंधरा दिवस राहून आलो, आणि तिथल्या जुन्या चौकांनी आम्हाला जे शिकवले ते सांगितल्यावाचून राहवत नाही. म्हणून या वेळी सदरात प्रवासाची हकीकत.

आधी थोडे घरचे सांगतो. आमचे वडील गवंडीकाम करीत. रस्त्याने जाताना एखादी मोठी इमारत दिसली की लोक विचारत, "ही कोणाची?" वडील मात्र जवळ जाऊन दगडावर हात फिरवत आणि विचारत, "काम कोणाचं?" लहानपणी आम्हाला त्याचे हसू येई. परमुलखातल्या चौकात उभे राहिल्यावर तोच प्रश्न आमच्या तोंडून बाहेर पडला.

मुलाचे बिऱ्हाड लाइप्झिग शहरात आहे. तिथून ड्रेस्डेनला आगगाडीने साधारण सव्वा तास लागतो. ड्रेस्डेन ही एके काळची सॅक्सनीच्या राजांची राजधानी, एल्ब नदीच्या काठावर वसलेली. जुने शहर सगळे पायी पाहता येते. आम्ही डबा आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन सकाळीच निघालो. मुलगा, सूनबाई, चौथीतली नात आणि आम्ही दोघे.

पहिला थांबा थिएटरचा चौक. मध्यभागी योहान राजाचा घोड्यावरचा पुतळा, एका बाजूला त्स्विंगर नावाचा राजवाड्याचा देखणा परिसर आणि समोर नाट्यगृह. त्स्विंगर हा ऑगस्टस राजाच्या हौसेखातर अठराव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला. पोप्पेलमान याने त्याचा आराखडा केला आणि पेर्मोझर याने दगडात मूर्ती घडवल्या. पण आमचे मन गुंतले ते नाट्यगृहात, कारण त्याच्या वास्तुशिल्पकाराची गोष्ट न्यारी आहे.

त्याचे नाव गॉटफ्रीड झेम्पर. त्याचे पहिले नाट्यगृह १८४१ साली सुरू झाले. १८४९ च्या मे महिन्यात ड्रेस्डेनची जनता राजाविरुद्ध उठली. ज्या राजाने झेम्परला काम दिले त्याच राजाच्या फौजेला अडवायला झेम्परने रस्त्यात अडथळे रचायला मदत केली. उठाव चिरडला गेला आणि त्याला देश सोडून पळावे लागले. पुढे १८६९ साली ते नाट्यगृह आगीत जळाले. नवे कोणी बांधावे, असा प्रश्न आला तेव्हा पुन्हा झेम्परचाच आराखडा घेतला गेला. १८७१ ते १८७८ या काळात त्याच्या मुलाने, मान्फ्रेडने, जागेवर उभे राहून काम पुरे केले. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तेही गेले. पुन्हा बांधून १३ फेब्रुवारी १९८५ रोजी त्याचे दरवाजे उघडले. चौकात पुतळा राजाचा आहे, पण लोक नाट्यगृहाला आजही झेम्परच्याच नावाने ओळखतात.

तिथून चार पावले चालले की एक लांबलचक भिंत लागते. तिच्यावर राजांची मिरवणूक चितारली आहे. लांबी सुमारे १०२ मीटर. मूळ चित्र विल्हेल्म वाल्टर या चित्रकाराने १८७० च्या दशकात केले. ऊनपावसाने ते खराब होऊ लागले, म्हणून १९०४ ते १९०७ मध्ये ते जवळच्या माइसेन गावच्या चिनी मातीच्या सुमारे २३ हजार फरशांवर उतरवले. एकापाठोपाठ ३५ राजे आणि सरदार घोड्यांवर बसून चालले आहेत. आसपासचे शहर उद्ध्वस्त झाले, पण ही भिंत बहुतांशी वाचली.

सगळे प्रवासी राजांचे फोटो काढत होते. आमच्या पत्नी मात्र भिंतीच्या शेवटच्या टोकाला जाऊन थांबल्या आणि हात हलवून आम्हाला बोलावू लागल्या. "अहो, इकडे या. इथं आपली माणसं आहेत." पाहतो तर मिरवणुकीच्या शेपटाला घोडे नाहीत. पायी चालणारी माणसे आहेत. विद्वान, कलावंत, कारागीर, शेतकरी. अगदी टोकाला चित्रकार वाल्टर स्वतः उभा आहे. राजांच्या मागून का होईना, पण ज्यांच्या हातांनी राज्य उभे राहिले त्यांना त्याने भिंतीवर जागा दिली. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथे मिळाले.

पुढचा चौक नॉयमार्क्ट, म्हणजे नवा बाजार. त्याच्या मधोमध फ्राउएनकिर्खे हे भव्य चर्च आहे. घुमट सगळा दगडाचा, वजन सुमारे १२ हजार टन, एकूण उंची ९१ मीटर. हे चर्च १७२६ ते १७४३ या काळात बांधले. बांधणारा गेऑर्ग बेर हा गरीब विणकराच्या घरात जन्मलेला, पेशाने सुतार. एवढा जड दगडी घुमट टिकेल का, अशी शंका जाणत्यांना होती. बेर १७३८ साली वारला. काम पुरे झालेले त्याला पाहता आले नाही. पण घुमट दोनशे वर्षे उभा राहिला.

१३ आणि १४ फेब्रुवारी १९४५ रोजी इंग्रज आणि अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकले. शहरभर आगीचा डोंब उसळला. सुमारे २५ हजार माणसे मेली. चर्च दोन दिवस तग धरून होते. आगीच्या धगीने आतले खांब खचले आणि १५ फेब्रुवारीच्या सकाळी घुमट कोसळला. पुढची चाळीसहून अधिक वर्षे चौकात दगडांचा ढीग तसाच पडून होता. १९९० साली गावकऱ्यांनी पुन्हा बांधण्याची हाक दिली. १९९३ मध्ये ढीग उपसायला सुरुवात झाली. एकेक दगड मोजून, तपासून, मूळ जागा शोधून वेगळा ठेवला. १९९४ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि ३० ऑक्टोबर २००५ रोजी चर्च लोकांसाठी खुले झाले. जगभरातून देणग्या आल्या. घुमटावरचा सोनेरी क्रूस इंग्लंडमधून भेट आला. तो घडवणाऱ्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक होते.

भिंतीजवळ जाऊन पाहिले तर नवे दगड पिवळसर आणि मध्येच काळे ठिपके. ते काळे दगड जुने, ढिगाऱ्यातून काढलेले. तिथला वाळूचा दगड वर्षानुवर्षे हवेत राहिला की काळा पडतो. आम्ही मुलाला म्हणालो, "घासून एकसारखे केले असते तर छान दिसले असते." मुलगा म्हणाला, "बाबा, मग काय पडलं होतं ते कळलं नसतं." गवंड्याचे पोर असून आम्हाला हे सुचू नये!

डबा खाऊन आम्ही नदीकाठच्या उंच गच्चीवरून चालत पूर्वेच्या टोकाला गेलो. तिथे ज्यू लोकांचे नवे प्रार्थनास्थळ आहे. साध्या, बिनखिडक्यांच्या भिंती, वर जाताना किंचित वळत गेलेल्या. शेजारच्या मोकळ्या अंगणात जुन्या प्रार्थनास्थळाची जागा जमिनीवर आखून ठेवली आहे. ते जुने प्रार्थनास्थळही झेम्परनेच बांधले होते, १८४० साली.

नातीने विचारले, "आबा, हे कोणी पाडलं?"

आम्ही सहज बोलून गेलो, "युद्धात बॉम्ब पडले ना, त्यात गेलं असेल."

ती म्हणाली, "नाही आबा. युद्ध १९३९ ला सुरू झालं. हे १९३८ मध्ये जाळलं. इथल्याच लोकांनी."

आम्ही गप्प झालो. पोरीचे खरे होते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री नाझींच्या टोळ्यांनी जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि दुकाने जाळली, फोडली. ड्रेस्डेनचे हे प्रार्थनास्थळ त्याच रात्री गेले. विमाने यायच्या सहा वर्षे आधी. शेजाऱ्याने शेजाऱ्याचे घर पेटताना पाहिले आणि बहुतेकांनी नजर फिरवली. आल्फ्रेड नॉयगेबाउअर नावाच्या एका अग्निशामक जवानाने मात्र घुमटावरचा तारा वाचवला आणि लपवून ठेवला. युद्ध संपल्यावर त्याने तो परत दिला. ९ नोव्हेंबर २००१ रोजी नवे प्रार्थनास्थळ खुले झाले. तोच तारा आज त्याच्या दारावर आहे.

सूनबाई म्हणाल्या, "इथल्या शाळेत हे लपवत नाहीत. मुलांना सांगतात, आपल्याच माणसांनी केलं म्हणून." आम्हाला वाटले, पडलेला घुमट बांधणे अवघड खरेच. पण आपल्या हातून झालेला अन्याय स्वतःच्या लेकरांना सांगणे त्याहून अवघड. ज्या शहराने स्वतः एवढे सोसले त्याला "आम्हीच तेवढे दुःखी" असे म्हणत बसणे सोपे होते. तो काळा दगडही भिंतीत ठेवणारी माणसे आहेत, म्हणून त्या चौकाचे मोल.

दुसऱ्या दिवशी लाइप्झिग पाहिले. स्टेशन पाहूनच थक्क झालो. १९१५ साली पूर्ण झालेले हे युरोपातल्या सर्वांत मोठ्या स्टेशनांपैकी एक. दर्शनी भिंत २९८ मीटर लांब. सॅक्सनी आणि प्रशिया अशा दोन राज्यांच्या रेल्वे इथे येत, म्हणून प्रवेशाची दालनेही दोन, अगदी एकसारखी. कोणी कमी नको, कोणी जास्त नको!

तिथून पायी निकोलाय चर्चच्या चौकात गेलो. पूर्व जर्मनीच्या हुकूमशाहीत या चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना होई. हळूहळू गर्दी आत मावेना, लोक बाहेर चौकात उभे राहू लागले. ९ ऑक्टोबर १९८९ च्या सोमवारी सुमारे ७० हजार लोक हातात मेणबत्त्या घेऊन शहराच्या रस्त्यांवरून चालले. बंदूकधारी शिपाई तयार होते. घरून निघताना परत येऊ की नाही, याची खात्री कोणालाच नव्हती. "आम्हीच जनता" अशी त्यांची घोषणा होती. गोळी सुटली नाही. बरोबर एका महिन्याने, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली.

लोक त्या संध्याकाळी ज्या मोठ्या चौकातून गेले त्याला आज ऑगस्टस चौक म्हणतात. तिथे विद्यापीठाचे जुने चर्च होते. युद्धात ते वाचले, पण ३० मे १९६८ रोजी सरकारनेच सुरुंग लावून उडवले. आज त्या जागी त्याची आठवण देणारी विद्यापीठाची नवी इमारत आहे.

निकोलाय चर्चच्या आत पांढरे खांब आहेत आणि त्यांच्या माथ्यावर ताडाच्या झावळ्या कोरल्या आहेत. तसाच एक खांब १९९९ साली बाहेर चौकात उभा केला आहे. जे आत सुरू झाले ते बाहेर रस्त्यावर आले, ही त्याची खूण. खांबावर राजा नाही, सेनापती नाही. नात त्याच्या पायथ्याशी बसून खाऊ खात होती. आम्ही दोघेही तिच्या शेजारी टेकलो.

वाचकहो, जर्मनीला जाणे सर्वांना जमेल असे नाही. आम्हालाही मुलाच्या नोकरीमुळेच जमले. पण मुलाबाळांना कुठलीही जुनी वास्तू दाखवायला न्याल तेव्हा "कोणाची?" एवढे विचारून परत फिरू नका. कोणी बांधली, कोणी मोडली आणि पुन्हा कोणी उभी केली, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर ठाऊक नसेल तर आमच्यासारखे काहीतरी ठोकून देऊ नका. लेकरू दुरुस्त करील तर ऐकून घ्या.

निघण्याच्या दिवशी नातीने आम्हाला विचारले, "आबा, पणजोबांनी काय काय बांधलं?" आम्हाला चारच इमारती आठवल्या. बाकीच्या शोधायच्या आहेत. गावी आल्यापासून वडिलांच्या जुन्या सोबत्यांकडे चौकशी चालू आहे. यादी पूर्ण झाली की तिला पत्राने कळवणार आहोत.